लगेजअप्पाचं बाशिंग

जळकोटात संगप्पाला त्याच्या नावानं हाक मारणारी दोनच माणसं. एक त्याची धाकटी बहीण साखराबाई, ती तर आता बंगळूरला लेकाजवळ राहायची. दुसरा बाशिंगवाला खाजामियाँ. बाकी सगळा तालुका त्याला लगेजअप्पा म्हणायचा, आणि ते नाव त्यानं घाम गाळून कमावलेलं होतं.

उदगीर-नांदेड गाडीवर तो कंडक्टर होता. दुसरे कंडक्टर 'कुठं जायचंय?' असं विचारतात. संगप्पा आधी माणसाच्या पायाकडं बघायचा. पायाशी पोतं, पिशवी, करडू, कुकर, जे काही असेल त्याकडं बोट करून म्हणायचा, "ह्येच्यात काय हाय?"

"काय न्हाई हो, कपडे हायत."

"कपडे आरवतात व्हय? लगेज वर टाका, न्हाईतर तिकीट फाडतो."

कोंबडं कितीही गुमान बसलं तरी संगप्पाला कळायचंच. साखराबाई लग्न होऊन सासरी निघाली ती याच्याच गाडीतून. माहेरच्या भांड्यांचं पोतं दाराशी होतं. संगप्पानं सख्ख्या बहिणीच्या पोत्याचं लगेज तिकीट फाडलं. पैसे स्वतःच्या खिशातून भरले, पण फाडलं. साखराबाई डोळे पुसायची थांबली आणि हसायला लागली. तेव्हापासून ती गोष्ट तिनं दोन्हीकडच्या नातेवाइकांना इतक्या वेळा सांगितली की, ज्यांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता तीसुद्धा आता स्वतः बघितल्यासारखी सांगतात.

त्याला हरवलं ते एकाच माणसानं. मुखेडच्या बाजारातून एक घोंगडीवाला भर उन्हाळ्यात सगळी उरलेली घोंगडी अंगाला गुंडाळून गाडीत चढला. माणूस कुठं संपतो आणि घोंगडी कुठं सुरू होते, ते कळेना.

"हे लगेज हाय."

"अंगावरचं हाय, साहेब. तुमच्या खाकीचं तिकीट हाय का?"

संगप्पानं स्वतःच्या खाकीकडं बघितलं आणि तिकिटांची पेटी मिटली. घोंगडीवाला जळकोटपर्यंत घामानं निथळत आला, पण फुकट आला. संगप्पा पुढं बरेच दिवस त्याची आठवण काढायचा, रागानं नव्हे, आदरानंच.

संगप्पाचं लग्न मात्र राहून गेलं. बाप लवकर गेला, साखराबाईला उजवायचं होतं, मग म्हातारीचं दुखणं निघालं. शेवटी सगळं निवांत झालं तेव्हा याच्या वयाच्या पोरी सासवा व्हायला लागल्या होत्या. याचं त्याला दुःख होतं की नव्हतं, ते त्यानं कुणाला कळू दिलं नाही. पण लग्नाच्या मांडवात गेलं की कुणीतरी म्हणायचंच, "अप्पा, तुमची गाडी कधी लागायची फलाटाला?" म्हणून तो लग्नांना जाईनासा झाला. नोकरीत होता तोवर ड्युटीचं निमित्त होतं. रिटायर झाल्यावर गुडघ्याचं आलं.

त्यामुळं भाच्याचं, सत्यमचं, लग्न ठरल्याचा फोन आला तेव्हा संगप्पानं आधी गुडघ्यावर हात ठेवला आणि मग बोलला.

"साखरे, लई दुखायलंय बघ. एवढ्या लांब..."

"दुखू दे. बाशिंग कोण आणंल?"

"कसलं बाशिंग?"

"नवरदेवाचं बाशिंग मामानं आणायचं असतंय. मामा तू एकच हायस. खाजामियाँकडनं बनवून घे आणि घेऊन ये. सत्यमनं इमानाचं तिकीट काढलंय." आणि त्याला श्वास घ्यायला न देता तिनं पुढची कलमं सुरू केली. "ऐक नीट. बाशिंग भुईला टेकवायचं न्हाई. त्याच्यावर काही ठेवायचं न्हाई. कुणाच्या पायाशी जाऊ द्यायचं न्हाई. मोडलंबिडलं तर तोंड दाखवू नको."

फोन बंद. जन्मभर दुसऱ्याला नियम सांगणारा संगप्पा आता तिचे नियम बोटांवर मोजत खाजामियाँकडं निघाला.

खाजामियाँची तीन पिढ्यांची बाशिंगं. भेंडाचं हलकं लाकूड, जिलेटीनचा कागद, मणी, आरशाचे बारके तुकडे. तालुक्यातल्या निम्म्या नवरदेवांची कपाळं त्याला पाठ होती, पण सत्यम बंगळूरला वाढलेला. मग त्यानं दोरी काढली आणि संगप्पाच्याच कपाळाचं माप घेतलं.

"माझं कशाला?"

"भांजा मामूपर जाताय, संगप्पा. हल नको."

"गुडघा दुखतोय रे खाजा. जावं की न्हाई, तेच ठरंना."

"गुडघ्यालाच बाशिंग बांधून जा मग. दुखणं बी थांबल, लोकाला बोलायला बी व्हईल." खाजामियाँ स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला. मग एकदम धंद्याच्या आवाजात म्हणाला, "एक ध्यानात ठेव. कुणाला कपाळाला लावून बघू देऊ नको. ज्याच्या कपाळाला बांधलं त्याचं झालं. मग दुसऱ्याला चालत न्हाई."

बाशिंग असं झालं की, खाजामियाँच्या घरातली बायकापोरं दाराशी येऊन बघून गेली. ते टेबलफॅनच्या खोक्यात कापूस घालून बसवलं. संगप्पानं खोकं किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवलं. विमानात हातात सात किलो चालतं, हे त्यानं सत्यमला पुन्हा पुन्हा विचारून घेतलं होतं. खोकं दोन किलोसुद्धा भरेना. नियमाच्या इतक्या आत असलेलं सामान त्यानं उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. त्याची छाती फुगली.

नांदेडला विमानतळावर त्यानं कपड्यांची बॅग काउंटरवर देऊन टाकली आणि खोकं छातीशी धरलं. भुईला टेकवायचं नाही म्हणजे नाही. आधारकार्ड दाताखालून काढून दिलं. तपासणीच्या पट्ट्यावर खोकं ठेवताना 'पट्टा भुई आहे का' यावर त्यानं क्षणभर विचार केला आणि पट्टा चालता आहे, म्हणजे भुई नव्हे, असा निकाल दिला. लघवीला लागली होती, ती दाबली. आत जाऊन खोकं मांडीवर घेऊन बसला. आता मागं जाता येत नव्हतं, खोकं खाली ठेवता येत नव्हतं. पण काळजी कसली? सामान नियमात होतं.

मग विमान दिसलं. ते संगप्पाच्या जुन्या गाडीपेक्षा लांब होतं, पण अंगानं बारीक. शिडीच्या पायथ्याशी पिवळं जाकीट घातलेला एक गडी हातात टॅग घेऊन उभा होता आणि मोठ्या बॅगा बाजूला काढून घेत होता.

"काका, हे खोकं खाली विमानाच्या पोटात जाईल. वरचा कप्पा छोटा आहे." असं म्हणून त्यानं वर बघितलं आणि त्याचं तोंड पसरलं. "अयो! लगेजअप्पा!"

संगप्पानं ओळखलं नाही.

"मी शिवलिंग. मुखेडचा. कॉलेजला नांदेडला जायचो तुमच्या गाडीनं. माझ्या ट्रंकचं दर सोमवारी तिकीट फाडायचात."

"बरं झालं भेटलास, लेकरा. हे दोन किलो बी न्हाई. सात चालतंय."

"वजनाचं नाही, अप्पा, मापाचं आहे. इमान बारकं आहे हे. खोकं वर बसतच नाही."

"मांडीवर घेतो."

"उडताना मांडीवर काही चालत नाही."

"सीटखाली?" म्हणता म्हणता संगप्पालाच आठवलं. सीटखाली म्हणजे मागच्या माणसाच्या पायाशी. पोटात म्हणजे वर बॅगांची थप्पी. वर बसत नाही, मांडीवर चालत नाही. विमानाचे नियम आणि साखराबाईचे नियम असे समोरासमोर उभे होते आणि मधल्या फटीत संगप्पा.

"ड्रायव्हरजवळ ठिवून घे की बाबा. आम्ही ठेवत नव्हतो का लोकांचे डबे?"

"पायलट म्हणतात त्यांना. त्यांच्याजवळ आपण बी जात नाही." शिवलिंगनं टॅग पुढं केला. त्याच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता, पण सगळ्या सोमवारांचा हिशेब होता. "लगेज खाली टाका, अप्पा. नियम म्हणजे नियम. तुम्हीच म्हणायचात."

मागं रांग तुंबली. कुणीतरी घड्याळ बघून च्यक् केलं. संगप्पानं खोकं आणखी घट्ट धरलं. त्याला स्वतः टपावर भिरकावलेली पोती आठवली. त्यांचा धप्प असा आवाज आठवला. आजवर तो आवाज त्याला काम झाल्याचा वाटायचा.

त्याच्या मागं एक पोरगी उभी होती. एप्रिलच्या उन्हात अंगात एकावर एक दोन जाकिटं, सगळे खिसे टम्म. नाव हुमा. नांदेडची, बंगळूरला नोकरी करायची.

"अंकल, है क्या उसमें?"

"बाशिंग. भाच्याचं. उद्या सकाळी लग्न हाय."

"मग घालून टाका ना."

"काय?"

"अंगावरचं सामानात धरत नाहीत. मी बघा की, चार्जर, पुस्तकं, अम्मीच्या चकल्या, सगळं खिशात." तिनं एक खिसा वाजवून दाखवला. चकल्या कुडकुडल्या.

संगप्पाला तो घोंगडीवाला आठवला. अख्ख्या नोकरीत ज्याला तोड सापडली नाही, तो नियम आज त्याच्या बाजूनं उभा होता. आणि त्याच्याच आड दुसरा नियम होता. ज्याच्या कपाळाला बांधलं त्याचं झालं. बांधलं तर बाशिंग वाचतं आणि भाच्याला बाद होतं. नाही बांधलं तर चिपाड होतं. उद्या सकाळी मांडवात बाशिंग लागणार आणि जळकोट तर मागं राहिलं.

"अप्पा, दार लागायलंय," शिवलिंग म्हणाला. या खेपेला त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

संगप्पानं खोकं उघडलं. हुमानं बाशिंग उचललं, त्याच्या कपाळाला टेकवलं आणि मागं दोरीची गाठ मारली. माप त्याच्याच कपाळाचं. जरा म्हणून हललं नाही. रिकामं खोकं टॅग लावून पोटात गेलं. शिवलिंगनं शिडीची वाट मोकळी केली आणि हात जोडले.

"या, नवरदेव."

आत शिरताना संगप्पाला कंबरेत वाकावं लागलं. छत खाली होतं. दारातल्या हवाईसुंदरीनं बाशिंगाकडं बघितलं, मग त्याच्या पिकल्या मिशीकडं. हुमानं तिला इंग्रजीत काय सांगितलं कोण जाणे, पण ती बाजूला सरली. मागून एक धोतरवाले म्हातारबुवा ओरडले, "वऱ्हाड कुठं राहिलं हो?" सगळं विमान हसलं. संगप्पाला लग्नाच्या मांडवातलं तेच जुनं हसू ओळखू आलं. मांडवातून उठून जाता तरी यायचं. इथं खिडकीची सीट, शेजारी हुमा आणि पोटावर पट्टा.

ज्या माणसानं जन्म गाडीत उभ्यानं काढला त्याला आता हलता येईना. मान टेकावी तर बाशिंग मोडेल. खाली वाकावं तर मणी नाकाला लागतात. शिंक आली, ती त्यानं डोळ्यांत पाणी येईपर्यंत धरली. विमान धावलं, उठलं, गोदावरी खाली चिंधीसारखी पडलेली दिसली. एरवी त्यानं ती बघितली असती. आता त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं. साखरीला काय सांगायचं?

उतरलं की गाठ सोडायची, खोकं ताब्यात घ्यायचं, बाशिंग आत ठेवायचं आणि गप बसायचं. कुणाला कळतंय? हुमा तिच्या वाटेनं जाईल. पण मग उद्या सत्यमच्या कपाळाला ते बांधताना आपण समोर उभे असणार. एका तिकिटावर दोन माणसं बसवल्यासारखं. आजवर तसं कधी केलं नव्हतं.

काळ्याभोर ढगात शिरल्यावर खिडकीची काच काळसर झाली आणि तिच्यात एक नवरदेव दिसायला लागला. मिशा पिकलेल्या, गाल बसलेले, पण कपाळावर आरशांची रांग चमकत होती. संगप्पानं जरा डावीकडून बघितलं, जरा उजवीकडून. वाईट दिसत नव्हता गडी.

"अंकल, फोटो काढू?" हुमानं हळूच विचारलं.

"गप बस," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "काढ. पण कुणाला दाखवू नको."

बंगळूरला उतरल्यावर गाठ सुटेना. हुमानं नखं लावली, दात लावायची तयारी केली, पण घामानं दोरी आवळली होती आणि ओढावं तर भेंड करकरायचं. शेवटी तिनं हात जोडले. "माफ करना अंकल, मी जरा जास्तच घट्ट बांधलं." जाताना चकल्यांची एक पुडी त्याच्या हातात कोंबली.

तर असा संगप्पा बाहेर आला. ढकलगाडीवर बॅग, बॅगेवर रिकामं खोकं आणि कपाळाला बाशिंग. लपवायचं सगळं नियोजन वाऱ्यावर. कठड्यापलीकडं साखराबाई आणि सत्यम उभे होते. सत्यमचा हात तोंडावर गेला. साखराबाई कठड्याला येऊन भिडली.

संगप्पा तिच्यासमोर जाऊन थांबला. "साखरे, इमान बारकं होतं. हे आता सत्यमला चालणार न्हाई. मी बांधलं. मोडू दिलं न्हाई, पण बांधलं. काय बोलायचं ते बोल."

"वळ बघू," ती म्हणाली. तो वळला. तिनं गाठ बघितली, मग त्याला परत समोर फिरवून डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी तिला हसू फुटलं, पोत्याचं तिकीट फाडलं होतं तेव्हासारखं.

"अरे, बंगळुरात गल्लोगल्ली बाशिंगं मिळतात. सत्यमचं परवाच आणून ठेवलंय."

संगप्पा भडकला. "मग मला कशाला वाहायला लावलीस ही बिलामत? लघवीला सुदिक जाता आलं न्हाई मला!"

"रिकाम्या हातानं ये म्हटलं असतं तर आला असतास? गुडघा काढला असतास. लगेज असल्याबिगर तू हलत न्हाईस, हे मला ठाऊक हाय."

संगप्पा आधी लघवीला जाऊन आला. तिथं आरसा होता, म्हणून त्याला जरा उशीर झाला.

सत्यमच्या गाडीचं छत विमानापेक्षाही खाली निघालं. संगप्पा मान दुमडून मागच्या सीटवर कोंबला गेला. सत्यमनं बॅग डिक्कीत टाकली, रिकामं खोकं टाकलं आणि दारातून आत वाकला.

"मामा, अवघडतंय तुम्हाला. दोरी कापून हे बी मागं टाकू का?"

"हात लावू नको," संगप्पा म्हणाला. "अंगावरचं हाय."