हिरवा की पिवळा

वर्ध्यात लोकांच्या घरचे, दवाखान्यांतले फिश टँक सांभाळणं हा आम्हा नवरा-बायकोचा धंदा होता. पाणी बदलणं, फिल्टर धुणं माझ्याकडे. पाण्याची तपासणी तिच्याकडे. मला लहानपणापासून हिरवा आणि पिवळा वेगळे दिसत नाहीत. काचेची नळी उजेडाकडे धरून ती म्हणायची, "चांगलं हाय," आणि आम्ही स्कूटरवर पुढच्या घरी.

ती गेली. काही दिवसांनी तिचं पाणी तपासायचं किटही संपलं. नागपूरच्या दुकानदारानं दोन प्रकार समोर ठेवले. पट्टी बुडवली की लगेच रंग येतो, पण माशांना मारणारा अमोनिया त्या पट्टीत कळत नव्हता. थेंबांच्या किटमध्ये तो कळतो. नळीत थेंब टाकायचे, थांबायचं, मग रंग कार्डाशी जुळवायचा: पिवळा म्हणजे पाणी ठीक, जितका हिरवा तितका अमोनिया जास्त.

"कोणतं देऊ?"

रंग दिसत नाहीत, हे सांगवेना. दोन्ही घेऊन आलो. घरी खिडकीत बसून रंग कार्डाशी जुळवून पाहिले. मुलीला बंगळूरला फोटो पाठवला. "फोटोत नाही कळत, बाबा," तिनं लिहिलं.

नालवाडीत एक रिटायर झालेल्या नर्सबाई एकट्या राहतात. एका सकाळी त्यांचे मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. मी नळीत थेंब टाकले आणि कार्ड घेऊन नुसताच उभा राहिलो.

"काऊन, दिसून नाई राह्यलं का?"

"नाई दिसत, बाई. आमच्या घरची पाहे."

त्यांनी चष्मा लावून नळी दारापाशी नेली. "हिरवं हाय. चांगलं गडद."

अर्धं पाणी बदललं. दोन मासे गेले, बाकीचे संध्याकाळपर्यंत पुन्हा खाली फिरू लागले. निघताना त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळेस मलेच दाखवजा."

तेव्हापासून थेंबांचंच किट घेतो. जिथं जातो तिथं कोणाला तरी रंग विचारावा लागतो. सावंगीच्या एका दवाखान्यात काउंटरवरची मुलगी मोबाइलवरून नजर न काढता "पिवळा" म्हणते. मी नळी तशीच धरून थांबतो. मग ती बघते.

घरी आमचाही एक टँक आहे. त्याचं पाणी तपासत नाही. थोडं काढतो, थोडं भरतो. एकदा सवयीनं नळी भरली, थेंब टाकले, थांबलो. मग मोरीत ओतून दिली.