थांबताईंची लाल काच

थांबताईंशी फोनवर बोलणाऱ्याला दर वाक्यानंतर वाटायचं, लाइन कटली. ताई एक वाक्य बोलत आणि गप्प होत. समोरच्याच्या डोक्यात ते बसलं असं वाटलं की मगच दुसरं काढत. जेवायला वाढतानाही तेच. भात पानात पडला, तरी वरण कधी येईल याची खात्री नसे. कुणी चुळबुळ केली की म्हणत, "थांब. पहिलं बसू दे." म्हणून त्या थांबताई.

ही सवय त्यांना प्रयोगशाळेतल्या यंत्रानं लावली, की यंत्र त्यांच्या स्वभावाचं मिळालं, देव जाणे. ताई शिकवत त्या शहापूरच्या आमच्या कॉलेजात मुंबईच्या एका मोठ्या संस्थेनं ते वापरायला दिलं होतं. बंद नळीत काच ठेवायची. युरोपियम या दुर्मिळ धातूच्या संयुगाची वाफ आत सोडायची. तिचा अगदी पातळ थर काचेला धरतो. मग नायट्रोजन सोडून उरलेली वाफ हाकलायची. मग एका सेंद्रिय आम्लाची वाफ, पुन्हा हाकलणं. असे शेकडो थर चढले तरी काच साधीच दिसते; पण अतिनील दिव्याखाली धरली की लाल उजळते. ताई मुरबाडकडच्या वैशाखरे गावच्या. तिकडच्याच बोलीत त्या समजावत, "एक पाहुणा गेल्याबिगर दुसऱ्याला आत घ्यायचा नाय रे. दोघं दारात भेटले की भांडणार."

ताईंना परदेशात संशोधनाला जागा मिळाली आणि संस्थेला आपलं यंत्र आठवलं. सोमवारी साहेब बघायला येणार होते. काच उजळली पाहिजे आणि ताईंच्या मागे यंत्र चालवणारा कुणी दिसला पाहिजे. नाहीतर यंत्र टेम्पोत. इथल्या पोरांना असलं काही हाताळायला मिळावं म्हणून ताईंनी त्यासाठी किती खेटे घातले होते, ते सगळ्या कॉलेजनं पाहिलं होतं.

शुक्रवारी त्यांनी काच लावली आणि मला, म्हणजे त्यांच्या एमएस्सीच्या दिवट्या विद्यार्थ्याला, राखणीला बसवलं. नेमकी म्हसा गावची मोठी जत्रा. मुरबाडच्या मित्रांचे फोन चालू. मी डोकं लढवलं. सगळा वेळ जातो तो हाकलण्यात. मग हाकलायचं कशाला एवढं? नायट्रोजनचा वेळ कापून टाकला. दुपारीच काम फत्ते. दिव्याखाली काच अशी लालभडक, की ताईंच्या हातूनही कधी झाली नसेल. फोटो काढून सगळ्यांना पाठवला आणि जत्रा गाठली.

शनिवारी ताईंनी काच पाहिली. मग कापसाचा बोळा घेऊन त्यांनी काच पुसली. लाल उजेड बोळ्यावर आला, काच कोरी. दोन्ही वाफा नळीतच भेटल्या होत्या आणि त्यांची भुकटी सगळीकडे बसली होती. नळी पार बुजलेली.

"पण ताई, उजळतंय तर," मी म्हणालो.

"गुलाल पण लाल असतो. घर रंगवतोस का त्यानं?"

एवढंच बोलल्या आणि ब्रश माझ्या हातात दिला. दिवसभर नळी घासली. रविवारी नवी काच लावली. या वेळी ताई स्वतः स्टूल टाकून बसल्या.

सोमवारी साहेब आले. खोली काळोखी केली, दिवा लावला आणि सगळ्यात जास्त उजळला तो माझा शर्ट. आईनं मुद्दाम पांढराशुभ्र धुऊन दिला होता. कपड्याच्या पावडरीतला चकाकीचा मसालाही याच दिव्यात पेटतो. त्याखालोखाल साहेबांचा शर्ट. आमच्या दोघांच्या निळ्या झगमगाटात ताईंची बिचारी काच दिसेना.

"शर्टाचं प्रदर्शन नाय आज," ताई मला म्हणाल्या.

मी जत्रेतून घेतलेलं काळं घोंगडं बॅगेतून काढलं. ते एकच होतं. शेवटी मी आणि साहेब एकाच घोंगड्यात शिरलो, फक्त डोकी बाहेर. तेव्हा कुठे काचेवरचा शांत लाल उजेड दिसला. ताईंनी साहेबांना बोळा दिला. "पुसून बघा, सर." साहेबांनी घोंगड्यातून हात काढून जोर लावून पुसलं. लाल होतं तिथेच राहिलं.

"हे छानच आहे," साहेब म्हणाले. "पण तुम्ही गेल्यावर चालवणार कोण?"

"तुमच्या शेजारचा."

साहेबांनी शेजारी पाहिलं. मीही त्यांच्या पलीकडे कोण आहे ते पाहिलं.

"शुक्रवारी यानंच अख्खी नळी बुजवली," ताई सांगू लागल्या. मला घोंगड्यात आणखी आत जावंसं वाटलं. ताई थांबल्या. साहेबही थांबले. "आता याला ठाऊक आहे, ती कशानं बुजते. नवा माणूस आणलात, तर त्याला आधी एकदा बुजवू द्यावी लागेल."

साहेब हसले. घोंगड्यात असल्यामुळे ते हसणं मला बरगड्यांत कळलं. यंत्र राहिलं.

ताईंना निरोप द्यायला वैशाखऱ्याला गेलो. जीपमध्ये बॅगा चढत होत्या. मी विचारलं, "नाहीच जमलं तर?"

"मग साफ करशील," त्या म्हणाल्या आणि पुढे बसल्या.

पहिल्याच आठवड्यात मी पुन्हा नळी बुजवली. साफ केली. पुन्हा काच लावली, काहीही न कापता तिथेच बसून राहिलो. दिव्याखाली धरली. लाल. बोळ्यानं पुसली, तरी लाल. तसाच काच उंच धरून मागे वळलो आणि रिकाम्या स्टुलाला म्हणालो, "ताई, हे बघा."