कनकीतला पेनड्राइव्ह

माझ्या चिमुकल्या लॅपटॉपवर नवी सिस्टीम टाकायची होती आणि ती ज्यात भरली होती, तो पेनड्राइव्ह शर्टासोबत धुऊन निघाला. भिजलेला मोबाइल आम्ही तांदळात पुरून ठेवतो, म्हणून आईकडे तांदूळ मागितले.

"चांगले तांदूळ कायले? कनकीत ठेव," ती म्हणाली. कनकी म्हणजे राइस मिलमध्ये तुटलेले बारीक दाणे. ठेवला.

दुसऱ्या दिवशी काम अर्ध्यावर आलं आणि पडद्यावर 'डिस्क एरर'. पुन्हा केलं, पुन्हा तेच. माझं डोकं फिरलं. लॅपटॉपच्या डिस्कच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि रागारागात ती अख्खी पुसून टाकली. त्यात लग्नाचे फोटोही गेले. तरी एरर!

आई शेजारी सुपात तांदूळ निवडत होती. "कनकीतून काढल्यावर झटकला होता काय?" तिनं विचारलं. मग पेनड्राइव्ह उजेडात धरून सुईनं त्याच्या तोंडातला एक दाणा काढला. या वेळी सिस्टीम निमूट चढली.

फोटो गेल्याचं सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "आम्ही त खडा दिसला की खडाच काढतो बापा. सूपभर तांदूळ उकिरड्यावर नाही फेकत."