आपल्या आधीचं लोखंड

लग्न होऊन नवीन जालन्यात आले तेव्हा आमच्या खाटेखाली लोखंडाची पोती होती. खोली एकच. पुढच्या पडवीत सासरे झोपायचे, ते रेल्वेच्या गँगमधून निवृत्त झालेले. माझे पती स्टेशनजवळच्या एका गॅरेजात ट्रकचे मिस्त्री होते आणि मी शाळेत मास्तरीण. पोती पाहून मला वाटलं, यांचा भंगाराचा जोडधंदा असावा.

“विकायचं न्हाई हे,” पती म्हणाले. “जमवून राह्यलो.”

रविवारी सकाळी ते भंगार बाजारात जायचे आणि पिशवीतून एखाददुसरा पाना, कधी एखादी पकड, कधी मूठ तुटलेली कानस घेऊन यायचे. मग आम्ही दोघं पडवीत बसायचो. रॉकेलमध्ये भिजवलेला पाना ते तारेच्या ब्रशने घासायचे. गंज निघाला की खालून अक्षरं वर यायची. ते चौथीतून शाळा सुटलेले, इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. मी अक्षरं वाचायची आणि त्यांचा अर्थ ते सांगायचे. तो त्यांनी वर्षानुवर्षं हाताळून, जुन्या मिस्त्र्यांना विचारून गोळा केलेला होता. आकड्यापुढे डब्ल्यू असला की जुन्या इंग्रजी आट्याचा पाना. कुठे बारीक बाण ठोकलेला दिसला की फौजेचा.

“ह्याला चमक का नाही?” मी एकदा एका काळ्याभोर पान्याबद्दल विचारलं.

“लढाईतला हाय तो. चमकवायचा धातू तवा दुसरीकडं लागत होता. घाईत केलाय, बघ ना, कडासुद्धा नीट घासल्या न्हाईत.”

त्यांचा एक नियम होता. आपल्या जन्माच्या आधीचं असेल तेवढंच ठेवायचं. त्यानंतरचं निघालं तर कुणाला तरी देऊन टाकायचं. मी हसून कारण विचारलं तेव्हा त्यांनी पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

“बापानं अख्खी उमर रूळ उचलले. पण पान्याला हात लावू देत न्हवते सुरवातीला. पाना मिस्त्रीच्या हातात, अन् मिस्त्री वरच्या जातीचा. बाप दहा हात लांब उभा. ते पाने आता माझ्या घरात राह्यले पाहिजेत.”

त्यानंतर मी हसले नाही.

मग पाऊस सलग रुसला ती वर्षं आली. विहिरी आटल्या, पाणी उपसायची इंजिनं बंद पडली आणि बाजारात लोखंडाचे ढीग वाढले. त्यांना हवं ते मिळत होतं, पण ते आनंदाने आणत नसत. “कुणाच्या तरी मळ्यातलं हाय हे,” एवढंच म्हणून पाना रॉकेलात टाकायचे. त्याच सुमारास परतूरला एक बंद पडलेली कापसाची जिनिंग मोडीत निघाली. तिथून त्यांनी एक स्क्रूचा जॅक खांद्यावर घेऊन रेल्वेने आणला. ओतीव लोखंडाचा, बुटका, जड. घासल्यावर मी वाचलं, पाच टन, मेड इन इंग्लंड. त्यावर त्यांनी बराच वेळ हात फिरवला.

“गॅरेजात नेणार का?”

“ह्याला? न्हाई. लई थकला बिचारा. ह्याला आता काम न्हाई सांगायचं.”

तो त्यांनी खाटेखाली उशाच्या बाजूला ठेवला. तिथून तो कधी हलला नाही. झाडू मारताना रोज माझा हात त्याला लागायचा.

ते गेले ते उन्हाळ्यात, दुपारी. मी फळ्यावर भागाकार मांडत होते. हेडमास्तर वर्गाच्या दारात आले आणि खडू खाली ठेवायला म्हणाले. भरलेल्या ट्रकखाली ते काम करत होते आणि जॅक खचून ट्रक खाली आला. मला फक्त चेहरा दाखवला. चेहऱ्याला काही झालेलं नव्हतं, म्हणून मला ते खरंच वाटेना.

माणसं येऊन जाऊन कमी झाल्यावर गॅरेजचा मालक आला. सोबत दोघं होते. तो सासऱ्यांसमोर सतरंजीवर बसला आणि हळहळला.

“लई गुणी माणूस. पण जुन्या सामानाचा नाद लागला त्याला. माझे चांगले जॅक सोडून घरून तो जुनाट जॅक आणला, बाबा. मी किती वेळा बोललो त्याला. ऐकलं न्हाई.”

सोबतच्या दोघांनी माना हलवल्या.  ते तिघं उठून गेल्यावर मी खाटेखाली वाकले. जॅक तिथेच होता, त्यावर माझ्याच झाडूची धूळ होती.

“मामा, जॅक इथंच आहे. यांनी नेलाच नाही.”

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. “दुसरा असंल. एवढ्या ढिगात तुला काय कळतंय?” मग म्हणाले, “ह्याच लोखंडानं खाल्लं माझं पोरगं.”

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजात गेले. ट्रक नव्हता, तिथे वाळू टाकलेली होती. मी तिकडे पाहिलं नाही. तो जॅक दाखवा, असं मालकाला म्हणाले.

“बघून काय करता, बाई?”

“बघायचाय.”

एका पोऱ्याने कोपऱ्यात बोट केलं. जॅकवर लाल रंगाचे थर आणि वंगण होतं. तिथल्याच डब्यातल्या रॉकेलमध्ये मी पदराचं टोक बुडवलं आणि बूड पुसायला लागले. मागे काम थांबलं होतं. सगळे पाहत होते. आधी आकडा वर आला, पाच हजार. त्यापुढे अक्षरं आली, के जी. खाली मेड इन इंडिया.

मी उभी राहिले. वर्गात बोलते तसं बोलले. “मी चौथीत असताना शेर आणि मण जाऊन किलो आले. हा त्याच्या नंतरचा आहे. एवढी नवी वस्तू आमच्या घरात ठेवलेलीच नाही. आमचा जॅक इंग्लंडचा आहे, त्यावर टन लिहिलंय, आणि तो आमच्या खाटेखाली आहे. हा तुमचा जॅक आहे.”

मालक हसला नाही, चिडलाही नाही. “हे वर्गात शिकवा बाई,” म्हणाला. “पंचनामा झालाय. आता जावा घरी.”

मी चौकीत गेले. हवालदाराने खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकूनही घेतलं. “तुमचं बराबर असंल, बाई. पण जे हजर होते ते सगळे सांगून राह्यलेत की त्यानंच आणला. तुम्ही काय तिथं होत्या का?”

मी तिथे नव्हते. निदान आमचा जॅक आणून हवालदाराच्या टेबलावर ठेवते, अशा विचारात मी घरी आले. दारातच कळलं. खोली मोठी दिसत होती. खाटेखाली काही नव्हतं, फरशीवर गंजाचे गोल डाग तेवढे होते. सासऱ्यांनी भंगारवाल्याची गाडी बोलावून सगळं देऊन टाकलं होतं. जॅकसुद्धा.

 मी भिंतीला टेकून बसले. म्हाताऱ्याने घरातून मृत्यू हाकलला होता, त्याच्या लेखी. पोरगा स्वतःच्या हौसेने मेला असं मनात धरून तो पुढचे दिवस काढणार होता, आणि ते मला नवऱ्याच्या जाण्याइतकंच सहन होत नव्हतं.

काही दिवसांनी मधल्या सुट्टीत गॅरेजातले वेल्डर चाचा शाळेच्या फाटकाशी उभे दिसले. वयस्कर माणूस, डोळे कायम लाल. मालकाबरोबर येऊन मान हलवणाऱ्यांपैकी ते एक होते.

“भाभी, तुम्ही बोलल्या ते सच हाय. जॅक मालकाचाच. आटे घासून गेल्ते त्याचे. तुमच्या नवऱ्यानं मालकाला सांगितल्तं, माझ्यासमोर. मालक म्हणला, एवढी गाडी जाऊ दे, मंग बघू.”

“चौकीत चला माझ्याबरोबर.”

त्यांनी मान खाली घातली. “ह्या उमरमधी मला कोण ठेवील दुसरीकडं? घरी पाच जण खाणारे.”

“मग इथं कशाला आलात?” मी ओरडलेच. पोरं खेळायची थांबली. “जा तुम्ही.”

ते वळले. रस्त्यापर्यंत गेले असतील. मग मीच त्यांच्या मागे धावत गेले. “चाचा, चौकीत नका येऊ. माझ्या सासऱ्यांना सांगा. तेवढं तरी करा.”

संध्याकाळी ते आले. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच बसले आणि मला सांगितलं ते सगळं सासऱ्यांना सांगितलं.  शेवटी सासरे म्हणाले, “त्यानं सांगितल्तं मालकाला? जॅक खराब हाय म्हणून?”

“सांगितल्तं.”

“त्याला कळलं होतं?”

“बिलकुल कळलं होतं. त्याच्यासारखं लोखंड कुणाला कळत न्हवतं आमच्यात.”

सासऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. चाचा गेल्यावर ते रडले. तोवर रडले नव्हते.

सकाळी उजाडताच ते मला म्हणाले, “चल.” आम्ही भंगाराच्या दुकानात गेलो. ओतीव लोखंड घणाने फोडून भट्टीकडे रवाना झालं होतं, म्हणजे जॅक गेला. पाने मात्र काही त्या मोठ्या ढिगात मिसळलेले होते. दुकानदार म्हणाला, तुमचे तेवढे शोधून न्या.

सासरे उन्हात ढिगावर उकिडवे बसले. गँगमध्ये काम केलेली ती जाड बोटं एकेक तुकडा उचलत आणि माझ्यापुढे धरत.

“हा आपला?”

“हो.”

“हा?”

“नाही, मामा.”

बरेचसे मला ओळखू येत होते, अक्षरांवरून, काही तर नुसत्या झिजेवरून. काळा फौजेचा सापडला. काही कधीच सापडले नाहीत. दुपारपर्यंत सासऱ्यांना तो ढीग पाहवेना आणि तिथून उठवतही नव्हतं. ते मला न विचारताच हाताला लागेल ते पोत्यात टाकायला लागले. त्यात कालपरवाचे, बिनकामाचे, वाकलेले पाने होते. मी त्यातला एकही बाहेर काढला नाही. सगळंच घरी आणलं.

गॅरेज चालूच राहिलं. चाचाही तिथेच राहिले. मी शाळेला दुसऱ्या गल्लीने जायला लागले, तो रस्ता लांबचा होता. पुढे माझी बदली भोकरदनकडे झाली. खोली सोडताना भांडी, गादी आणि ते एक पोतं, एवढं सामान होतं. एसटीत चढवताना कंडक्टरने पोत्याला पाय लावून पाहिला.

“काय भरलंय, बाई? दगडं?”

मी काही म्हणायच्या आत सासरे बोलले. “पोराचं सामान हाय. पाय काढ.”

कंडक्टरने पाय काढला. सासरे खिडकीशी बसले आणि भोकरदन येईपर्यंत त्यांनी पोत्याचं तोंड मुठीत धरून ठेवलं होतं.