गाडी बंद करायची नाही

सासरे गेले आणि त्यांची जुनी, सात सीटची डिझेल गाडी कोलशेतच्या अंगणात धूळ खात पडली. मुलगा धनेश ती विकायला निघाला. वागळे इस्टेटमध्ये पाळ्या करणारा माणूस, त्याला गाडीची हौस नव्हती. सून करिश्माने मात्र वर्तकनगरला क्लास लावला, लायसन काढलं आणि जाहीर केलं की गाडी विकायची नाही, आईंना लग्नांना मी नेणार. एवढी मोठी गाडी बाईमाणसाला झेपणार नाही, असं म्हणणारे शहाणे आळीत पुष्कळ होते. त्यांच्याकडे लक्ष द्यायला तिला वेळ नव्हता.

आई म्हणजे तिची सासू, सखुबाई. धवलारीण. आगरी लग्नात मांडव आणि हळद धवल्यांशिवाय होत नाही. ते गाणारी, विधी सांगणारी ही बाई. सत्तरी ओलांडली, गुडघे गेले, आवाज शाबूत. पण हल्ली पोरं मोबाइलवरचे धवले स्पीकरला लावून मोकळी होतात. या मोसमात सखुबाईला जेमतेम बोलावणी आली होती. काटई नाक्याच्या पुढच्या गावातली ही हळद चुकली, तर पुढे कोणी विचारणार नाही, हे ती बोलून दाखवत नव्हती. करिश्माला ते न बोलता कळत होतं.

नेमका त्याच आठवड्यात गाडीने दगा दिला. चावी फिरवली की नुसतं टक. विश्राम मेकॅनिक म्हणाला, सोलेनॉइड गेला. नाव मोठं, वस्तू मुठीएवढी. स्टार्टरच्या पाठीवर बसलेली डबी, चावी फिरली की बॅटरीचा करंट स्टार्टरला पोचवणारी. आतलं तांबं झिजलं होतं. नवीन सोमवारी मिळणार, हळद रविवारी. तोवर एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने खालून त्या डबीवर पान्याने ठोकायचं, आणि एकदा सुरू झाली की पोचेपर्यंत बंद करायची नाही.

सासूला यातलं काही सांगायचं नाही, हे करिश्माने परस्पर ठरवलं. मोडक्या गाडीतून शुभकार्याला कसलं जायचं, म्हणून ती घरीच बसली असती.

रविवारी दुपारी सखुबाई घराबाहेर यायच्या आत धनेशने चावी फिरवली, करिश्माने ठोकलं, आणि सासूसुना निघाल्या. मुंब्र्याचा बायपास तुंबलेला. शिळफाट्याला तर लोकांनी गाड्या बंद करून शेंगदाणे खायला सुरुवात केली. हिचं इंजिन मात्र घरघरत राहिलं, आणि तिची नजर डिझेलच्या काट्यावर. तेवढ्यात नवरदेवाच्या भावाचा फोन आला. उशीर होतोय, स्पीकर तयार आहे, लावायचा का? पोचलोच म्हणून करिश्माने दडपून सांगितलं.

गावाच्या वेशीवर गावदेवीचं देऊळ. करिश्मा इंजिन चालू ठेवून नारळ द्यायला उतरली. परत वळते तर गाडी गप्प. सखुबाई चावी हातात घेऊन, डोळे मिटून, देवीला हात जोडून बसलेली.

"आई, गाडी का बंद केलीत?"

"देवीचे पुढं गारी चालू ठेवाची? तुजे सासऱ्यानं कवा ठेवली नाय."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. करिश्माने सगळं सांगून टाकलं. सखुबाईने तोंड भरून शिव्या दिल्या, मोडक्या गाडीबद्दल नव्हे, सांगितलं नाही म्हणून. मांडव अजून लांब, तिच्या गुडघ्यांना ते अंतर जमणारं नाही, रिक्षेचा पत्ता नाही, रस्त्यावर नुसते कंटेनर. मदतीला मांडवात फोन करावा, तर ते स्पीकर सुरू करून मोकळे होणार.

करिश्माने हँडब्रेक ओढला, गियर न्यूट्रलला आहे ना ते पाहिलं, सासूला स्टिअरिंगमागे बसवलं. मग पायाखालची रबरी चटई रस्त्यावर टाकली आणि हळदीची पिवळी साडी खोचून पाना घेऊन गाडीखाली सरकली.

"मना धवलं येतान गो, गारी नाय," वरून आवाज आला.

"चावी फिरवायची, आई. मी हाक मारली की."

हाक मारली, पण शेजारून जाणाऱ्या कंटेनरने ती गिळली. पुन्हा मारली, तर सखुबाईने चावी फिरवून लगेच सोडली. तिसऱ्यांदा तीच वैतागली. तुझा आवाज उंदरासारखा, म्हणाली, मी वरडते, तू ठोक. बिनमाइकच्या मांडवात पन्नास वर्षं तापवलेला गळा तो. कंटेनरच्या वर गेला. करिश्माने ठोकलं, डबी खटकन बसली आणि इंजिन धडाडून सुरू झालं.

"सोडा चावी!" हे मात्र शेजारच्या गावापर्यंत ऐकू गेलं असावं.

मांडवात पोरगा स्पीकरची वायर जोडतच होता. सखुबाईने दारातूनच पहिला धवला उचलला. त्याने वायर खाली ठेवली. नवरदेवाच्या आत्याने तिथल्या तिथे मुलीच्या लग्नाचं सांगून ठेवलं, वैशाखातलं. परत निघताना भावकीतल्या पोरांनी गाडी ढकलून दिली, तेव्हा करिश्माला त्याची लाजसुद्धा वाटली नाही.

सोमवारी विश्रामने स्टार्टर उतरवला, नवा सोलेनॉइड बसवला. पहिल्या फटक्यात सुरू. तिने बंद केली, सुरू केली, पुन्हा बंद केली. शेवटी तोच म्हणाला, "वहिनी, बॅटरी उतरवाल."

घरी येताना माजिवड्याला सिग्नल लागला. करिश्माने इंजिन बंद केलं, मान मागे टेकली आणि हिरवा होईपर्यंत डोळे मिटून बसली.