घुमटाखालची बहीणभावंडं

तारांगणात निवेदन करणाऱ्या बाईंना घरीदारी सगळे चिमणी म्हणायचे. आवाज मात्र असा खणखणीत, की शेवटच्या रांगेत पेंगणारा माणूसही दचकून उठायचा. मागे यंत्रांच्या खोलीत तिचा थोरला भाऊ बसायचा. ती बोलायची, दादा बटणं दाबून घुमटावर चित्रं आणायचा. खुणेचीसुद्धा गरज पडत नसे.

"ही सर्पिल दीर्घिका," ती रंगात येऊन सांगायची. "आपल्यापासून सुमारे तीस कोटी प्रकाशवर्षं लांब. शेजारची दीर्घिका तिच्यात मिसळतेय, म्हणून हा बाहू असा ताणला गेलाय. निळे ठिपके म्हणजे या ओढाताणीत जन्मलेले नवे तारे."

एका दुपारी ती हे बोलली आणि घुमटावर शनी उगवला. लोक खो खो हसले. तिनंही हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी चंद्र आला, तेव्हा मात्र तिनं वळून यंत्रांच्या खोलीकडे पाहिलं.

खेळ संपल्यावर ती खोलीत गेली. दादा पडद्याला नाक लावून बसला होता.

"दादा, दिसत नाही का रे तुला?"

"कडेचं दिसतं. मधलंच पुसल्यासारखं झालंय." मग तो चिडला. "कुणाला बोलू नकोस. मी दाबतो अंदाजानं."

डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली किती टिकेल, तेही सांगता येत नाही. तिनं आणखी दोन डॉक्टर गाठले. उत्तर तेच. मग तिनं प्रत्येक बटणावर वेगळ्या आकाराची खरखरीत पट्टी चिकटवली, दीर्घिकेच्या बटणावर दोन. दादाची बोटं सरावली. काही दिवस शनी शनीच्या जागी राहिला.

तेवढ्यात नवं यंत्र आलं. बटणं गेली, गुळगुळीत काच आली. जुनी बटणं राहू द्या म्हणून चिमणीनं तारांगणाच्या साहेबांच्या खूप विनवण्या केल्या.

"बाई, मला वाईट वाटतं हो," ते म्हणाले, "पण माझ्या हातात काही नाही."

दादा घरी बसला. एकदा तिच्या आग्रहाखातर प्रेक्षकांत येऊन बसला. दीर्घिकेची पाळी आली आणि अंधारातून त्याचा आवाज आला, "आली का गं?"

"आली, दादा."

पुढचं वाक्य सोडून ती त्याच्या आवाजाच्या दिशेनं अंधारात बघत राहिली. यंत्रावरच्या नव्या माणसानं थोडी वाट पाहून पुढचं चित्र लावलं.

बाहेर पायऱ्यांवर तिनं हात पुढे केला. दादानं तो झिडकारला. पाऊल चुकलं, तेव्हा मुकाट्यानं तिचं कोपर धरलं.