तबस्सुमबाईंनी भरलेली चिप

शिक्षकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ज्यानं पहिल्यांदा काढला, त्याला एकदा धरून माझ्या शेजारी बसवणार आहे मी. मी शंभुलिंग, वाशी तालुक्यात केंद्रप्रमुख. म्हणजे आजूबाजूच्या गावांतल्या जिल्हा परिषद शाळांवर लक्ष ठेवायचं काम माझं. सकाळी चूळ भरायच्या आत लिंका सुरू. ‘गणित शिकवा आनंदानं’, ‘शंभर शैक्षणिक व्हिडिओ’, ‘सर्व शिक्षकांना अत्यंत उपयुक्त, पुढे पाठवा’. खाली लगेच हात जोडलेल्यांची रांग. अरे बाबांनो, उघडून तरी बघा की! एकानं ढकललं म्हणून दुसरा ढकलतो, दुसऱ्यानं ढकललं म्हणून तिसरा. एकदा मी एक लिंक उघडली, तर निघाली फरशीच्या दुकानाची. तिच्याखालीसुद्धा ‘खूप छान सर’ पडलेलं होतं. डोकं फिरेल नाही तर काय होईल?

या गोंधळात तबस्सुमबाई तेवढ्या गप्प असायच्या. वाशीपासून आत एका वाडीवर त्यांची शाळा, पहिली ते चौथी. महिन्या-दोन महिन्यांतून त्यांची एखादी लिंक यायची आणि खाली चार ओळी असायच्या. कितवीच्या पोरांना दाखवा, कुठं थांबवून प्रश्न विचारा, पोरं कुठं कंटाळतात. ती लिंक मी डोळे झाकून बाकीच्या शाळांना सांगायचो.

एकदा त्यांच्या वर्गात गेलो, तर भिंतीवर व्हिडिओ चालू आणि बाई व्हिडिओकडं पाठ करून उभ्या. म्हटलं, “बाई, तुम्ही बघत नाही?”

“व्हिडिओ घरी बघितलाय सर. आता पोरांची तोंडं बघायलेय.”

सफरचंदं मोजायच्या व्हिडिओत पोरं सफरचंदं सोडून मागच्या बर्फाकडंच बघत बसली, तर तो व्हिडिओ बाद. दुसऱ्या एकात शिकवणारी बाई प्रश्न विचारून गप्प बसायची, पोरांना उत्तर द्यायला सवड द्यायची. तो त्यांना लई आवडला. “बघा सर,” म्हणाल्या, “गप्प बसणं हे सुद्धा शिकवणंच आहे.” नोकरीत एवढी वर्षं गेली माझी, पण असं निवडून पाखडून घेणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

पण त्यांची खरी परीक्षा घेतली वाडीतल्या ऊसतोड्या बलभीमच्या पोरीनं, अंबिकानं.

दसरा झाला की वाडी निम्मी रिकामी होते. ऊस तोडायला टोळ्या निघतात, कर्नाटकातल्या कारखान्यांकडं जातात आणि पोरंही सोबत नेतात. मागं ठेवायचं कुणापाशी? अंबिका चौथीत होती. पोरगी हुशार, पण दर वर्षी अर्धी शाळा उसाच्या फडात जायची. दसऱ्यापर्यंत जोडाक्षराला यायची आणि शिमग्यानंतर परतली की पुन्हा क ख ग.

निघायच्या आधी बलभीम शाळेत आला. सरळ बोलणारा माणूस. “बाई, आपल्या वाडीत चौथीपतुरच शाळा हाय. पाचवीला वाशीला घालायचं म्हंजे रोजची एस्टी. परत आल्यावर पोरीला वाचाया आलं तर घालतो. न्हाय आलं तर शेळ्या हायेत घरी. शेळ्याला काय लिवावाचाया लागत न्हाय.”

बाई त्याच्याशी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “ठरलं. आल्यावर माझ्यासमोर वाचून घ्यायचं.”

आता, टोळी निघायच्या आधी आमच्याकडं एक काम ठरलेलं असतं, ते म्हणजे चिप भरून घेणं. मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड द्यायचं, दुकानदार त्यात गाणी, सिनेमे, देवीच्या आरत्या ठासून भरून देतो. फडात रेंज नाही, तेव्हा सगळी करमणूक त्या नखाएवढ्या चिपमध्ये. बाईंनी वाशीत अल्ताफचं दुकान गाठलं. “चिप भरून दे, पण गाणी नकोत,” म्हणाल्या. अल्ताफला वाटलं, बाईंचं घरात काही बिनसलं की काय! बाईंनी आपले पारखलेले सगळे व्हिडिओ त्यात भरून घेतले, वाचनाचे आधी, गोष्टींचे मागून, आणि ती चिप बलभीमच्या मोबाईलमध्ये घातली. मराठीचं पुस्तक अंबिकाच्या पिशवीत दिलं.

पहिले काही दिवस झकास गेले. मग टोळीचा ट्रॅक्टरवाला मल्लेश, त्यानं ती चिप ट्रॅक्टरच्या टेपला लावायला मागून नेली. एकही गाणं वाजेना. मल्लेशला वाटलं, गावाकडच्या दुकानदारानं बलभीमला फसवलं. बिचाऱ्यानं भल्यासाठी कारखान्याजवळच्या दुकानात ती नव्यानं भरून आणली. आणि हे दुकानदार चिप भरायच्या आधी काय करतात? पहिलं सगळं पुसून टाकतात!

अंबिका मल्लेशच्या गाडीवर बसून कारखान्यावर रेंजमध्ये गेली आणि त्याच्या फोनवरून तिनं बाईंना फोन लावला. पोरगी रडत होती. “बाई, चिपमधून तुमी गेलाव. आता नुसती गाणीच लागायलीत.”

बाईंनी मला सांगितलं तेव्हा मी मल्लेशला फोनवर असा काही झापणार होतो की बास. बाई म्हणाल्या, “नका सर. आता तोच कामाला येईल.”

त्यांनी आधी मल्लेशच्या फोनवर व्हिडिओच्या लिंकाच पाठवून बघितल्या. व्हिडिओ काही उतरेनात. पण बोलून पाठवलेलं मात्र पोचत होतं. मल्लेश उसाची गाडी घेऊन कारखान्यावर गेला, की वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत तिथं रेंजमध्ये थांबलेला असायचा. तेवढ्यात बाईंचा आवाज त्याच्या फोनवर उतरायचा. संध्याकाळी टोळीच्या खोप्यांवर परतला की तो फोन ट्रॅक्टरच्या टेपला जोडायचा आणि उभ्या फडात बाईंचा वर्ग भरायचा. “अंबिका, विहिरीच्या चित्राचं पान उघड. पहिल्या ओळीवर बोट ठेव. घाई नाही. वाच.” मग बाई गप्प. पोरीनं वाचायला सवड म्हणून गप्प. मग पुन्हा सावकाश ती ओळ स्वतः वाचायच्या.

बाई हे घरी बसून बोलायच्या. त्यांची सासू नसीमबी नेमकी त्या गप्प वेळेत आतून ओरडायची, “तबस्सुम, दूध कू देख!” बाई म्हणायच्या, “आले अम्मी.” तेही सगळं फडात वाजायचं. मी म्हटलं, पुसून पुन्हा बोला की. तर म्हणाल्या, “राहू द्या सर. पोरांना घरातलं माणूस बोलल्यासारखं वाटतं.” शाळा, घर, स्वयंपाक सांभाळून ही बाई सगळा हंगाम बोलत राहिली. मला तर नुसतं बघूनच दम लागला.

गुढीपाडव्याच्या तोंडावर टोळी परतली. बलभीम, त्याची बायको आणि अंबिका शाळेत आली. मीही मुद्दाम गेलो होतो.

अंबिकानं पुस्तक उघडलं, बोट ठेवलं आणि सुरू झाली. घडाघड! एक ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीला त्याच सुरात म्हणाली, “तबस्सुम, दूध कू देख!”

बलभीमनं मान वर केली. “हे बी पुस्तकात हाय व्हय?”

पोरगी लालबुंद झाली. बलभीमनं पुस्तक मिटलं. “बाई, हे तर पाठ हाय. ऐकून ऐकून आमच्या अख्ख्या टोळीला पाठ झालंय.”

गडी खरं बोलत होता, त्याला काय म्हणणार? मी बाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं. पाठ नसलेलं द्या. तुम्हीच द्या.”

बलभीमनं पिशवीत हात घातला. वाशीतनं येताना भजी घेतली होती, त्यांचा तेलकट पेपर काढला आणि पोरीसमोर धरला. “वाच.”

अंबिकानं बोट ठेवलं. “गु-रु-वा-री... वाशी... शह-रा-तील...” आणि अडकली. पुढचा शब्द होता ‘विद्युतपुरवठा’. मोठी माणसं अडखळतील असला शब्द! माझ्या जिभेवर आला होता, बाईंनी डोळ्यांनीच दाबलं मला. स्वतःही हूं की चूं केलं नाही. काय जिवावर आलं असेल त्यांच्या! पोरगी नुसती ओठ हलवत होती.

“वि... द्यु... त... पुर... वठा. विद्युतपुरवठा बंद राहणार.”

“म्हंजे काय?” बलभीम.

“गुरुवारी लाइट न्हाय.”

“ते तर रोजचंच हाय की!” असं म्हणून बलभीम एवढ्या मोठ्यानं हसला की पहिलीची पोरं खिडकीत गोळा झाली. हसता हसता त्यानं डोळे पुसले. बाई मटकन खुर्चीत बसल्या. मी, शंभुलिंग, सगळ्या केंद्राला धाकात ठेवणारा माणूस, भिंतीकडं तोंड करून नाक पुसत उभा राहिलो.

“घालतो पाचवीला,” बलभीम म्हणाला. “वाशीत हिची आत्या हाय, तिला गळ घालतो, हंगामात तिच्याकडं ऱ्हाईल. आमी दोघंच जाऊ फडात. पन बाई, एक मागणं हाय. तुमचं ते आवाज पाठवायचं तेवढं बंद करू नका.”

“आता कुणासाठी? अंबिका तर इथंच राहणार ना?”

बलभीमनं दाराकडं बोट केलं. तिथं त्याची बायको तोंडाला पदर लावून उभी होती.

“हिचं पुस्तक अजून अर्धंच झालंय,” तो म्हणाला.

तबस्सुमबाई खुर्चीतनं उठल्या, दाराशी गेल्या आणि तिलाच विचारलं, “कंच्या पानावर आलाव?”